परवाना गेला, संकोच उरला

अमेरिकेत ओपिऑइडच्या, म्हणजे अफूजन्य आणि अफूसारखा परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या, व्यसनावरील औषधोपचारांविषयी चाललेला वाद आठ तासांच्या एका अटीभोवती अडकून पडला आहे. ब्युप्रेनॉर्फीन हे औषध व्यसनाच्या उपचारासाठी लिहून द्यायचे असेल, तर २००० सालच्या कायद्यानुसार डॉक्टरांना आठ तासांचे प्रशिक्षण घेऊन स्वतंत्र परवानगी मिळवावी लागे. ‘एक्स वेव्हर’ या नावाने ओळखली जाणारी ही परवानगी डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाली. त्यानंतर हे औषध लिहून देणाऱ्यांची संख्या वाढली, परंतु ते मिळणाऱ्या रुग्णांची संख्या अपेक्षेप्रमाणे वाढली नाही, आणि तेव्हापासून दोन्ही बाजू आपापले जुनेच म्हणणे नव्या जोमाने मांडत आहेत. एक बाजू म्हणते की अट काढूनही फरक पडला नाही, त्याअर्थी ती अडथळा नव्हतीच. उलट अप्रशिक्षित हातांपासून रुग्णांचे थोडेफार रक्षण तिच्यामुळे होत होते. दुसरी बाजू म्हणते की प्रशिक्षणाचा आग्रह म्हणजे व्यसनी माणसाविषयीच्या तिरस्काराला दिलेले कायद्याचे रूप होते, आणि इतक्या सुरक्षित औषधासाठी वेगळ्या शिक्षणाची गरजच नाही.

मला हे दोन्ही युक्तिवाद चुकीचे वाटतात. प्रशिक्षण म्हणजे परवानगीसाठी भरून काढायचे तास, हे दोघांनीही न तपासता गृहीत धरले आहे. माझे म्हणणे असे आहे की या उपचाराचे शिक्षण डॉक्टरांना मिळालेच पाहिजे आणि ते आठ तासांपेक्षा पुष्कळ अधिक मिळाले पाहिजे. पण ते मिळण्याची जागा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यापुढची निवासी डॉक्टरकी ही आहे, प्रत्यक्ष रुग्णासमोर, अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखाली. दारावर बसवलेल्या अटीने शिकवण्याचे काम झाले नाही आणि रक्षणाचेही झाले नाही. ती अट उठवली हे योग्यच झाले, मात्र अट उठवली म्हणजे शिकवण्याची जबाबदारीही संपली, असे मानणे घातक आहे.

ही व्यवस्था किती विचित्र होती, हे आधी नीट पाहायला हवे. ब्युप्रेनॉर्फीनला व्यसनाच्या उपचारासाठी २००२ साली मान्यता मिळाली. ते लिहून देण्यासाठी आठ तासांचा अभ्यासक्रम तर होताच. शिवाय एका डॉक्टरने एका वेळी किती रुग्णांवर उपचार करावेत यालाही मर्यादा होती. आधी ३०, नंतर एका वर्षाच्या अनुभवावर १००, आणि २०१६ पासून काही अटींवर २७५. त्याच वर्षी नर्स प्रॅक्टिशनरांना, म्हणजे स्वतः औषधे लिहून देऊ शकणाऱ्या उच्चप्रशिक्षित परिचारिकांना, ही मुभा मिळाली, पण त्यांच्यासाठी प्रशिक्षण २४ तासांचे ठेवले गेले. अमली पदार्थांवर देखरेख करणारी संघीय यंत्रणा, म्हणजे डीईए, अशा डॉक्टरांच्या नोंदी तपासायला येऊ शकत असे. आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. १९९६ साली बाजारात आलेले ऑक्सिकॉन्टिन, किंवा एकूणच ऑक्सिकोडोन हे ओपिऑइड वेदनाशामक, वेदनेसाठी लिहून देणाऱ्या डॉक्टरला अशा संघीय प्रशिक्षणाची अट नव्हती आणि रुग्णसंख्येची मर्यादाही नव्हती. खुद्द ब्युप्रेनॉर्फीन वेदनेसाठी द्यायचे असेल, तरी ही परवानगी लागत नसे. म्हणजे ज्या औषधांतून असंख्य लोकांचे व्यसन सुरू झाले ती लिहिण्यास हात मोकळा, आणि ज्या औषधाने ते आटोक्यात येते ते लिहिताना मात्र परवानगी, मर्यादा आणि तपासणी. औषधाच्या धोक्यावर ही अट बेतलेली असती, तर ती नेमकी उलट दिशेने लागली असती. मग ती कशावर बेतलेली होती?

त्याचे उत्तर शंभर वर्षे मागे सापडते. १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफूजन्य पदार्थांच्या व्यवहारावर नोंदणी आणि कर लावला. डॉक्टरने आपल्या व्यवसायाच्या ओघात ती औषधे देण्यास त्यात मोकळीक होती. पण १९१९ मध्ये ‘वेब विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, व्यसनी माणसाला त्याचे नेहमीचे सेवन चालू ठेवता यावे म्हणून लिहिलेली चिठ्ठी ही वैद्यकीय चिठ्ठी मानताच येणार नाही. पुढे अनेक डॉक्टरांवर खटले भरले गेले, आणि काही शहरांनी चालवलेले उपचाराचे दवाखाने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बंद पडले. डॉक्टरांची एक अख्खी पिढी यातून एकच धडा शिकली: या रुग्णापासून दूर राहा. १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी मेथाडोन हे दीर्घकाळ परिणाम करणारे ओपिऑइड औषध देऊन हेरॉइनच्या व्यसनी रुग्णांचे आयुष्य मार्गी लागू शकते हे दाखवले, तेव्हा दार किलकिले झाले. पण १९७४ च्या कायद्याने हा उपचार पुन्हा स्वतंत्र नोंदणी असलेल्या केंद्रांपुरता बांधून टाकला, जिथे रुग्णाने बहुधा रोज हजर राहून कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत आपली मात्रा घ्यायची. २००० चा कायदा त्या मानाने उदार होता, कारण त्याने सामान्य डॉक्टरच्या दवाखान्याचे दार या रुग्णाला उघडून दिले. तथापि आठ तासांची अट ज्या परंपरेतून आली, ती डॉक्टरवर आणि रुग्णावर संशय घेणारी परंपरा होती. डॉक्टर घडावा कसा, हा प्रश्न तिने कधी विचारलाच नव्हता.

औषधाच्या परिणामकारकतेबद्दल आता फार वाद उरलेला नाही, म्हणून त्यावर थोडक्यात लिहितो. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. मेथाडोन चालू असताना दर हजार रुग्णवर्षांमागे (एक रुग्ण एक वर्ष, असे मोजून) सुमारे ११ मृत्यू आणि उपचार सुटल्यावर ३६; ब्युप्रेनॉर्फीन चालू असताना सुमारे ४ आणि सुटल्यावर ९ ते १०, असे त्यातून दिसले. इतका फरक पाडणारी औषधे वैद्यकशास्त्रात मोजकीच आहेत. तरीही मॅसॅच्युसेट्समध्ये अतिमात्रेतून (ओव्हरडोसमधून) वाचलेल्या सुमारे साडेसतरा हजार लोकांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा पुढच्या वर्षभरात त्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ब्युप्रेनॉर्फीन आणि ११ टक्क्यांना मेथाडोन मिळाल्याचे आढळले. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या बहुसंख्य रुग्णांना पुढचे औषध न देताच घरी पाठवले गेले असते, तर त्या रुग्णालयांना आपण काय म्हटले असते?

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. ब्युप्रेनॉर्फीन सुरू करणे हे खरोखर कौशल्याचे काम आहे. हे औषध मेंदूतील ओपिऑइड ग्राहकांना (रिसेप्टर), म्हणजे ओपिऑइड जिथे जाऊन परिणाम करतात त्या जागांना, घट्ट चिकटते, पण त्यांना अर्धवटच उत्तेजित करते. म्हणूनच त्याची मात्रा वाढवत नेली तरी श्वास दडपण्याचा परिणाम एका पातळीवर थबकतो, आणि त्यामुळे ते मेथाडोनपेक्षा सुरक्षित ठरते. परंतु शरीरात हेरॉइन किंवा फेंटानिल हे अतितीव्र कृत्रिम ओपिऑइड अजून शिल्लक असताना ते दिले, तर ते त्यांना ग्राहकांवरून हुसकून लावते आणि रुग्णाला अचानक तीव्र विथड्रॉवल, म्हणजे सवयीचा पदार्थ तुटल्यावर होणारा त्रास, येतो. हा अनुभव इतका यातनामय असतो की तो घेतलेला माणूस पुन्हा त्या औषधाच्या वाटेला जाताना कचरतो. फेंटानिल आल्यापासून हे गणित अधिक अवघड झाले आहे, कारण नियमित सेवन करणाऱ्यांच्या शरीरातील चरबीत ते साठते आणि दिवसेंदिवस रेंगाळते. हेरॉइनच्या काळातले ‘इतके तास थांबा’ हे आडाखे त्याला नेहमी लागू पडत नाहीत. त्यात रुग्ण झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेत असेल, गर्भवती असेल, घरात लहान मूल असेल, तर निर्णयाचे प्रत्येक वळण विचारपूर्वक घ्यावे लागते. ‘यात शिकण्यासारखे काय आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हे सारे दृष्टीआड केले आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

पण या मुद्द्यातून निष्कर्ष काय निघतो? आठ तासांची व्याख्याने, ज्यांतील बराचसा भाग बहुतेकांनी संगणकासमोर बसून पुरा केला, त्यांतून थरथरणाऱ्या, घामाने भिजलेल्या, उलट्या करणाऱ्या माणसाकडे पाहून ‘आता द्यावे की आणखी थांबावे’ हा निर्णय घेता येतो काय? ही जाण रुग्ण पाहूनच येते, शेजारी जाणता डॉक्टर असताना येते, आणि चूक होण्याआधी कोणी हात धरला तर येते. अतिशय कमी मात्रेने सुरुवात करून जुने ओपिऑइड एकदम न तोडता औषध हळूहळू वाढवण्याची पद्धत, किंवा आपत्कालीन विभागात जास्त मात्रेने लवकर स्थिरावण्याची पद्धत, या दोन्ही फेंटानिलच्या काळात रुग्णांच्या गरजेतून पुढे आल्या. ज्याने दहा वर्षांपूर्वी आपले आठ तास भरले, त्याच्या प्रमाणपत्रात यातले काही नव्हते, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने तो प्रशिक्षित होता. उपचार कठीण आहे हे मान्य केले, की ती अट पुरेशी नव्हती हेही मान्य करावे लागते.

दुसरा आक्षेप औषधाच्या गळतीचा. दवाखान्यातून घेतलेले ब्युप्रेनॉर्फीन रस्त्यावर विकले जाते, हे खरे आहे. फिनलंडमध्ये तर अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये हेच औषध, बहुधा बेंझोडायझेपिन या शामक गोळ्यांच्या जोडीने, ठळकपणे आढळत आले आहे. हे उदाहरण अडचणीचे आहे म्हणून ते टाळणे मला अप्रामाणिक वाटते. पण त्याच्यासोबत फ्रान्सचे उदाहरणही पाहावे लागते. फ्रान्सने १९९५ पासून सामान्य डॉक्टरांना हे औषध विशेष परवानगीविना लिहू दिले. तिथेही गळती झाली, गोळ्या विरघळवून टोचून घेण्याचे प्रकार झाले, देशाबाहेर तस्करीही झाली. आणि १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिमात्रेचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. या घटीचे सगळे श्रेय एकट्या ब्युप्रेनॉर्फीनला देता येणार नाही, कारण त्याच सुमारास मेथाडोन आणि टोचून घेणाऱ्यांना निर्जंतुक सुया वाटण्याच्या सोयीही वाढत होत्या. फिनलंडमध्ये मात्र रीतसर उपचाराची वाट दीर्घकाळ अरुंद राहिली. दोन देशांच्या तुलनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. तरीही रीतसर वाट रोखल्याने काळाबाजार आटतो या समजुतीला ही तुलना आधार देत नाही. अमेरिकेत रस्त्यावर हे औषध विकत घेणाऱ्यांना विचारले असता विथड्रॉवल टाळणे किंवा स्वतःच उपचार करून पाहणे ही कारणे पुन्हा पुन्हा पुढे येतात. जो रुग्ण चोरबाजारातून औषध मिळवतो त्याला डॉक्टर मिळाला नव्हता, ही शक्यता आपण विचारात घेणार की नाही?

एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन, हा आक्षेप मी फार वेळ घेऊन बसणार नाही. शरीराला औषधाची सवय होणे आणि आयुष्य औषधाच्या शोधात उद्ध्वस्त होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि वर दिलेले मृत्युदर हा फरक पुरेसा स्पष्ट करतात. हा आक्षेप अजून जिवंत आहे तो बैठकीतल्या चर्चांपेक्षा डॉक्टरांच्या मनात, आणि तिथे तो किती खोल रुजला आहे हे पुढच्या मुद्द्यावरून कळते.

अट उठल्यानंतरही उपचार फारसे का वाढले नाहीत? या प्रश्नाला बगल देऊन कोणतीही भूमिका टिकणार नाही. वस्तुस्थिती अशी की २०२१ पासूनच ३० रुग्णांपर्यंत प्रशिक्षणाची अट शिथिल झाली होती, आणि तरीही नव्याने औषध सुरू करणाऱ्यांचे प्रमाण २०१८ नंतर जवळजवळ सपाटच राहिले होते. सुरू करणाऱ्यांपैकी सहा महिने टिकून राहणारे साधारण पाचात एक. यावरून ‘अट अडथळा नव्हती’ असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात: अट असतानासुद्धा परवानगी घेतलेल्यांपैकी अनेकांनी एकही रुग्ण घेतला नव्हता, आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण आपल्या मर्यादेच्या पुष्कळ खाली होते. म्हणजे आठ तास भरून डॉक्टर हे औषध लिहू लागला नाही, आणि आठ तास रद्द झाल्यानेही लिहू लागला नाही. ही दोन तथ्ये शेजारी ठेवली की तासांवरचा सगळा वाद निरर्थक ठरतो. जो डॉक्टर चार वर्षे महाविद्यालयात आणि पुढे तीन-चार वर्षे निवासी म्हणून शिकला, आणि त्या संपूर्ण काळात हा आजार आपण बरा करायचा आहे असे ज्याला कोणीही सांगितले नाही, उलट वॉर्डातल्या व्यसनी रुग्णाबद्दल ज्येष्ठांनी काढलेले उद्गार ज्याने ऐकले, तो एका कायद्याच्या दुरुस्तीने कसा बदलेल? आपल्याला काय शिकवले गेले आणि काय शिकवले गेले नाही, दोन्ही त्याने आत्मसात केलेले असते.

याखेरीज बाहेरचे अडथळेही आहेत आणि ते शिक्षणाने हटणार नाहीत, हे स्पष्टच सांगायला हवे. अनेक औषधांच्या दुकानांत ब्युप्रेनॉर्फीन ठेवलेलेच नसते, कारण नियंत्रित औषधांची मागणी वाढली की पुरवठादार आणि तपास यंत्रणा संशय घेतील अशी दुकानदाराला धास्ती असते. काही विमा योजना आगाऊ मंजुरी मागतात, आणि विथड्रॉवलमध्ये तळमळणाऱ्या माणसासाठी दोन दिवसांची मंजुरी म्हणजे प्रत्यक्षात नकारच असतो. गोऱ्या आणि खासगी विमा असलेल्या किंवा स्वतः पैसे भरू शकणाऱ्या रुग्णांनाच हे औषध अधिक मिळत आले आहे. पण या अडथळ्यांशी भांडायलाही दवाखान्यात कोणीतरी डॉक्टर लागतो, जो दुकानाला फोन करील, मंजुरीसाठी पाठपुरावा करील. आणि ज्याला हा रुग्ण आपला वाटत नाही तो हे करणार नाही.

सामान्य डॉक्टर विशेषज्ञांचे मानले गेलेले काम कसे पेलू लागतात, याची उदाहरणे वैद्यकाच्या अलीकडच्या इतिहासातच आहेत. हेपटायटिस सीचा उपचार पूर्वी यकृततज्ज्ञांपुरता होता. औषधांचे दुष्परिणाम गंभीर आणि देखरेख किचकट. न्यू मेक्सिको या विरळ वस्तीच्या राज्यात संजीव अरोरा यांनी २००३ पासून ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. दुर्गम भागातील डॉक्टर ठरलेल्या वेळी दृक्‌श्राव्य बैठकीत आपले रुग्ण मांडत, विद्यापीठातील तज्ज्ञ त्यांच्याशी चर्चा करीत आणि उपचार तिथल्या तिथे होत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बरे होण्याचे प्रमाण विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के आणि या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के निघाले. दक्षिण आफ्रिकेने २०१० पासून एचआयव्हीचा उपचार सुरू करण्याचे काम परिचारिकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर दिले, आणि तेही मार्गदर्शनाची साखळी उभी करून. दोन्ही ठिकाणी प्रशिक्षण भरपूर होते, फक्त ते उपचाराच्या आधी उभ्या केलेल्या फाटकासारखे नव्हते. ते उपचारासोबत चालत होते. ओपिऑइडच्या बाबतीतही हे जिथे केले तिथे यश आले आहे. व्हरमाँट राज्यात अवघड रुग्ण मोठ्या केंद्राने स्थिर करायचा आणि पुढे गावातील डॉक्टरकडे सोपवायचा, पुन्हा बिघडला तर केंद्राने परत घ्यायचा, अशी रचना आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये डॉक्टरच्या जोडीला प्रशिक्षित परिचारिका असते, जी रुग्णाचा रोजचा संपर्क सांभाळते. ‘मी एकटा अडकलो तर कोणाला विचारू’ या भीतीला इथे उत्तर मिळते, आणि ही भीती मला डॉक्टरांच्या नकारामागच्या कारणांत सर्वांत प्रामाणिक वाटते.

या पार्श्वभूमीवर जून २०२३ पासून लागू झालेला नवा नियम पाहा. डीईएकडे नोंदणी असलेल्या जवळपास प्रत्येकाने, पशुवैद्य वगळता, व्यसनाच्या आजारांवर एकदाच आठ तासांचे प्रशिक्षण घेतल्याचे जाहीर करायचे. अस्थिरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, भूलतज्ज्ञ, सगळेच. हा आजार सर्वांचा विषय आहे, हे त्यामागचे तत्त्व मला मनापासून मान्य आहे. पण ज्या आठ तासांनी इच्छुक डॉक्टर तयार झाले नाहीत, तेच आठ तास अनिच्छुकांना घडवतील, ही अपेक्षा कशाच्या आधारावर ठेवायची? त्या नियमातील एक सवलत मात्र मोलाची आहे: ज्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने हा विषय किमान आठ तास अभ्यासक्रमात शिकवला, अशा अलीकडच्या पदवीधरांना वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागत नाही. शिक्षणाची जागा महाविद्यालय आहे हे कायद्याने इथे अजाणता कबूल केले आहे. तोच धागा पुढे न्यायला हवा.

त्यासाठी करायचे काय, हे गूढ नाही. कौटुंबिक वैद्यक, अंतर्गत वैद्यक, आपत्कालीन वैद्यक, स्त्रीरोग आणि मनोविकार या शाखांतील प्रत्येक निवासी डॉक्टरने देखरेखीखाली ठरावीक संख्येने रुग्णांवर ब्युप्रेनॉर्फीन सुरू केलेले असावे आणि काही महिने त्यांचा पाठपुरावा केलेला असावा. इन्शुलिनची मात्रा ठरवायला न शिकलेला फिजिशियन आपण पदवीधर होऊ देत नाही, तेव्हा इथेही ती सूट असू नये. व्यसनवैद्यकाला स्वतंत्र उपशाखा म्हणून २०१६ मध्ये मान्यता मिळाली आहे, पण त्या तज्ज्ञांची संख्या आजाराच्या व्याप्तीपुढे तोकडीच राहणार. त्यांचे खरे काम शिकवण्याचे आहे, आणि शिकवण्यासाठी त्यांना वेतन मिळाले पाहिजे. आपत्कालीन विभागाला तर अग्रक्रम हवा. येल विद्यापीठाच्या २०१५ मधील चाचणीत तिथेच ब्युप्रेनॉर्फीन सुरू केलेल्यांपैकी ७८ टक्के रुग्ण महिन्याभरानंतर उपचारात होते. केवळ अन्यत्र जाण्याची चिठ्ठी दिलेल्यांपैकी ३७ टक्के. एवढा पुरावा हाती असताना अतिमात्रेतून शुद्धीवर आलेल्या माणसाला पत्ते लिहिलेला कागद देऊन निरोप देणारा विभाग शिकाऊ डॉक्टरांना काय शिकवतो?

२०२१ मध्ये अमेरिकेत औषधांच्या अतिमात्रेने १ लाख ६ हजारांहून अधिक माणसे मेली. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ८० हजारांपर्यंत खाली आला आहे, आणि ही घट सुखद असली तरी एवढ्या मृत्यूंना स्थिरावलेली परिस्थिती म्हणता येत नाही. शिवाय फेंटानिलची सवय जडलेल्या काही रुग्णांना ब्युप्रेनॉर्फीन पुरत नाही; त्यांना मेथाडोन लागते. ते अजूनही केंद्रांतच अडकलेले आहे. २०२४ च्या नियमांनी घरी न्यायच्या मात्रा वाढवल्या, हे पाऊल चांगले आहे, परंतु वेदनेसाठी मेथाडोन लिहू शकणारा डॉक्टर व्यसनासाठी ते लिहून औषधाच्या दुकानात पाठवू शकत नाही, हा १९७४ चा भेद तसाच आहे. मेथाडोन अधिक धोकादायक आहे, त्याची मात्रा चुकली तर माणूस मरतो, म्हणून तिथे आधी व्यसनवैद्यकातील प्रशिक्षित डॉक्टरांना ही मुभा द्यावी आणि निवासी डॉक्टरांनी त्यांच्या हाताखाली शिकत जावे. तिथेही ‘किती तास’ हाच प्रश्न पहिला विचारला गेला, तर पुढची वीस वर्षे आपण पुन्हा याच वादात घालवू, आणि मेथाडोनच्या केंद्रापासून तासा-दोन तासांवर राहणाऱ्या रुग्णाला तोवर रोज पहाटे तेवढा प्रवास करावा लागेल.